काळजाची साक्ष

"मगदूम, हा मेसेज पाठवण्याआधी कुणाला विचारलं होतंत?" घोरपडे वकीलबाईंनी चष्मा कपाळावर सरकवत विचारले.

श्रेणिकने मान खाली घातली. "विचारायचं काय त्यात, मॅडम? क्षमावाणीचा दिवस होता. आम्हा जैनांत त्या दिवशी सगळे सगळ्यांना पाठवतात."

"काय लिहिलंत, वाचा."

"कळत-नकळत माझ्याकडून तुझं मन दुखावलं गेलं असेल, तर उत्तम क्षमा."

"आता समोरच्या बाजूनं त्याचं काय केलंय, तेही वाचा."

त्याने पुढचे पान वाचले. 'प्रतिवादीने पत्नीस मानसिक क्लेश दिल्याची लेखी कबुली.' अक्षरे त्याच्या डोळ्यांपुढे काही काळ नुसती हलत राहिली. दशलक्षण पर्वाचे उपवास संपले की दूधवाल्यापासून वैऱ्यापर्यंत सर्वांची क्षमा मागायची, ही त्याच्या घरातली पिढ्यान्‌पिढ्यांची रीत होती. मृणाल त्याच रीतीत वाढलेली. तिनेही हात जोडल्याचे चित्र टाकून 'उत्तम क्षमा' असे उत्तर पाठवले होते. त्या दोन शब्दांत त्याला किंचित ऊब जाणवली होती. विभक्त झाल्यापासूनची पहिली.

"मृणाल असं करणार नाही," तो पुटपुटला.

"तिनं नसेल केलं. वकिलानं केलंय. कोण आहे तिचा वकील?"

"माहीत नाही."

घोरपडेबाईंनी फाइल मिटून त्याच्याकडे सरकवली. "केस तशी वाईट नाही. पण हल्ली मुलांचा ताबा साक्षीदारांवर ठरत नाही, टिकलीवर ठरतो. तिच्या आलेखावर बोलायला तज्ज्ञ उभा करावा लागतो आणि त्याची फी माझ्याहून जास्त. माझीच तुम्हाला झेपणारी नाही, ते तुमच्या चेहऱ्यावर दिसतंय. लाजू नका हो, रोज बघते मी हे. खाली झेरॉक्सवाल्याच्या शेजारी 'न्यायसोबती'ची फुकट सल्ल्याची खिडकी आहे ना, तिथं जा."

"ते यंत्र आहे ना?"

"यंत्र असलं म्हणून काय झालं? कायदा माझ्याहून जास्त वाचलाय त्यानं. उणीव एकच. गप्प कुठं बसायचं, ते त्याला कळत नाही. आमच्या धंद्यातली निम्मी विद्या तीच आहे."

*

टिकली म्हणजे छातीवर चिकटवायची नखाएवढी पट्टी. तिचे शास्त्रीय नाव कुणाच्या तोंडी बसले नव्हते.

हृदय घड्याळासारखे चालत नाही. दोन ठोक्यांमधले अंतर सतत बदलते. श्वास आत घेताना ठोके किंचित जवळ येतात, सोडताना लांब जातात. भीती त्यांना पळवते. मेंदूतून निघून हृदयापर्यंत उतरणारी व्हेगस नावाची नस त्यांना पुन्हा चालीवर आणते. आई तान्ह्याला छातीशी धरते, तेव्हा दोघांची ही चढउतार एकमेकांच्या जवळ सरकते, हे संशोधकांना फार पूर्वीपासून ठाऊक होते. नवे होते ते गणित. श्वासाचा, हालचालीचा, खोलीतल्या उकाड्याचा वाटा वजा करून उरलेल्या चढउतारातून एक हृदय दुसऱ्याच्या मागे किती जाते, ते या गणिताने काढता येऊ लागले. येणाऱ्या आकड्याला शून्य ते शंभराच्या पट्टीवर बसवले गेले आणि त्याला 'सहस्पंदनांक' असे नाव मिळाले.

न्यायालयांनी तो आनंदाने स्वीकारला. मूल कोणाकडे राहू इच्छिते, हे मुलालाच विचारण्याची जुनी पद्धत होती. पण मुलाला पढवता येते. काळजाला कोण पढवणार? नव्या कायद्यानुसार मूल पहिलीत जाण्यापूर्वी दोघांपैकी एक 'मुख्य पालक' ठरवावा लागे. तीन मोजण्या होत, आणि शेवटच्या मोजणीला सर्वाधिक वजन असे. हरलेल्या पालकाच्या वाट्याला महिन्यातला एक रविवार येई.

श्रेणिक-मृणालची मुलगी पर्णा येत्या जूनमध्ये पहिलीत जाणार होती. तोवर ती एक आठवडा आईकडे, एक आठवडा बाबांकडे अशी दोन घरांत राहत होती.

*

'न्यायसोबती'ची खिडकी प्रत्यक्षात एक अरुंद खोली होती. फाटक्या रेक्झिनची खुर्ची, पडदा, आणि एका पोक्त माणसाचा आवाज. त्या आवाजाला घाई नव्हती. श्रेणिक जन्माचा मितभाषी. हळदीच्या शीतगृहात देखरेख करताना दिवस दिवस त्याला कुणाशी बोलावे लागत नसे आणि त्याचे त्याला सुखच वाटे. मृणालही तशीच. त्यांच्या संसारात भांडण असे कधी झालेच नाही. एकाच्या अबोल्याला दुसऱ्याने अबोल्याने उत्तर दिले, आणि एके दिवशी दोघांच्याही लक्षात आले, की आता बोलण्यासारखे काही उरलेले नाही.

त्या खोलीत मात्र तो बोलत राहिला. बाहेर कोणीतरी दार ठोठावेपर्यंत बोलला.

"आपल्याला नेमके काय हवे आहे?" शेवटी आवाजाने विचारले.

"पर्णा."

"नोंद केली. आपण प्रयत्न करू."

ते 'आपण' त्याने मनातल्या मनात पुन्हा म्हणून पाहिले. त्याच्या बाजूने कोणीतरी अनेकवचन वापरले होते.

पहिल्या मोजणीत त्याचा आकडा चाळिशीच्या जेमतेम वर आला. मृणालचा त्याहून थोडा अधिक. तासभर तो मोजणीच्या खोलीत पर्णासमोर बसला होता, तिचे चित्र पाहत होता, 'छान' म्हणत होता. प्रेम त्याच्या आत तुडुंब भरलेले होते. पण ते त्याच्या हातांपर्यंत कधी पोहोचत नसे. बापाच्या अंगाला बिलगावे, असे त्या पोरीला कधी वाटले नव्हते आणि तिला जवळ ओढावे, हे त्याला सुचले नव्हते.

"आकडा वाढतो कसा?" त्याने खिडकीवर विचारले.

"उपलब्ध अभ्यासांनुसार," आवाज म्हणाला, "बालकाची धडधड अचानक वाढते आणि पालकाच्या स्पर्शाने ती शमते, त्यानंतरच्या काही मिनिटांत सहस्पंदन सर्वाधिक असते. असे प्रसंग वारंवार घडल्यास तो ठसा टिकतो आणि मोजणीच्या वेळी आपोआप प्रकट होतो."

श्रेणिक पडद्याजवळ सरकला. "म्हणजे तिला घाबरवायचं?"

"तसे मी म्हणू शकत नाही. हा सल्ला नव्हे, केवळ माहिती आहे."

"पण तुम्ही सांगितलंत."

"आपण विचारलेत."

*

त्याचा चुलतभाऊ बाहुबली नदीपलीकडच्या मळ्यात राहत असे. मळ्यात जुनी दगडी विहीर होती, आणि त्या भागातली सगळी पोरे अशाच विहिरींत पोहायला शिकलेली होती. पाठीला रिकामा डबा बांधायचा आणि वरून ढकलून द्यायचे. श्रेणिकने स्वतःला सांगितले, की आपण मुलीला पोहायला शिकवायला नेत आहोत. बाप मुलीला पोहायला शिकवतो, यात वावगे ते काय?

तो तिला घेऊन पायऱ्या उतरला. खाली पाणी हिरवे, स्थिर, आभाळाचा एक तुकडा पोटात घेऊन पडलेले होते. त्याने तिला दोन्ही काखांखाली धरून पाण्यावर अधांतरी नेले. तिची बोटे पाण्याला लागली.

"बाबा, सोडू नको. बाबा, सोडू नको हं!"

"आरं, काय देवदर्शन घडवायलास काय तिला?" बाहुबली वरून ओरडला. "सोड की खाली! आमास्नी आबानं कसं शिकीवलं? मागनं लाथच घातलेली!"

श्रेणिकने एक हात सैल केला. क्षणभरच. पर्णाच्या तोंडून आवाजही फुटला नाही, नुसते तोंड उघडे राहिले. मग त्याने तिला छातीशी घट्ट ओढले. तिने त्याच्या मानेला अशी मिठी मारली, की तिची नखे कातडीत रुतली. तिचे काळीज त्याच्या फासळ्यांवर धडकत होते, पिंजऱ्यात सापडलेल्या चिमणीसारखे. तो सावकाश श्वास घेऊ लागला. हळूहळू ती धडधड उतरली, त्याच्या चालीवर आली, त्याच्या पावलात पाऊल टाकून चालू लागली.

निघताना त्याने दोघांच्याही छातीवर टिकल्या लावल्या होत्या; घरी आल्यावर त्याने फोनवर त्यांचा आलेख पाहिला. एरवी दोन अनोळखी माणसांसारख्या चालणाऱ्या तांबड्या-निळ्या रेषा तिथे एकमेकींत विरून गेल्या होत्या.

पुढच्या खेपेला तो पुन्हा गेला. आणि नंतर प्रत्येक खेपेला. ज्याची त्याला सर्वाधिक लाज वाटायला हवी होती, ती गोष्ट वेगळीच होती. त्याला ते आवडू लागले होते. जन्मभर ज्याला कोणी बिलगले नाही, अशा माणसाला एक लहान जीव सर्वस्व समजून घट्ट धरत होता. ज्या घरात पिण्याचे पाणीही गाळून, गाळलेले जीव पुन्हा जपून पाण्यात सोडण्याची शिस्त होती, त्या घरातला हा माणूस स्वतःच्या मुलीला पाण्यावर धरून तिच्या डोळ्यांतली भीती पिकण्याची वाट पाहत होता. हे त्याला दिसत नव्हते असे नाही. पण दिसणे आणि थांबणे यांत जे अंतर असते, ते त्याला ओलांडता येईना.

एके दिवशी, पाठीला डबा बांधलेला असताना, पर्णाने अचानक पाय मारले. मग हात. ती त्याच्या हातून सुटून सरळ पुढे गेली आणि पलीकडच्या कपारीला पोहोचली.

"आली की गं पोरीला पवायला!" बाहुबलीने टाळी वाजवली. "श्रेणिक, पेढं काढ लेका!"

पर्णा हसत होती. भिजलेल्या केसांतून, दात दाखवत, मनापासून हसत होती, आणि बाबांकडे पाहतही नव्हती. त्या संध्याकाळी आलेखातल्या रेषा पुन्हा दूर गेलेल्या होत्या.

पुढच्या आठवड्यापासून डबा घरीच राहू लागला. श्रेणिक तिला पायऱ्या नसलेल्या बाजूला, सावलीतल्या खोल पाण्यावर नेऊ लागला. तिथे पर्णा हात मारायचे विसरून जाई.

बाहुबली एकदा न राहवून म्हणाला, "शिकत हुती की रं चांगली. का अशी परत मागं न्यायलास तिला?"

श्रेणिकने उत्तर दिले नाही. तो अबोल आहे, हे सर्वांना ठाऊक होते. त्याच्या अबोल्यात काय काय मावते, ते कुणाला ठाऊक नव्हते.

*

दुसऱ्या मोजणीत त्याचा आकडा साठीच्या वर गेला. आवाजाने अभिनंदन केले. मात्र मृणालचा आकडाही तितकाच वर गेला होता. तिने काय केले असेल, याचा श्रेणिकने विचार केला नाही. आईच ती, त्याला वाटले. आईला काय, प्रेम करता येते.

शेवटच्या मोजणीच्या आधीचा रविवार. तो स्वयंपाकघरात दूध गार करत होता. पर्णा स्वतःच बूट घालून उंबऱ्यावर येऊन बसली.

"बाबा, आज कशाला घाबरायचं?"

त्याच्या हातातली वाटी थांबली. "म्हणजे?"

"पाण्यालाच, की दुसरं काही? तुझ्याकडे नेहमी पाण्याला असतं म्हणून विचारलं. आईकडे अंधाराला असतं."

"अंधाराला?"

"कोठीच्या खोलीत. आई बाहेरून कडी लावते. मग मी खूप रडले, की उघडते आणि घट्ट घेते." ती बुटाचा बंद ओढत होती, जणू शाळेतला तास सांगत होती. "मग आईपण रडते."

तो तिच्यासमोर उकिडवा बसला. "तुला कोणी सांगितलं, की घाबरायचं असतं?"

"कोणीच नाही," पर्णा म्हणाली. "पण घाबरल्यावर घट्ट घेता ना तुम्ही दोघं."

*

तो तडक खिडकीवरच्या खुर्चीत जाऊन बसला.

"मृणालचे वकीलही तुम्हीच आहात?"

"प्रत्येक फाइल स्वतंत्र असते. दुसऱ्या फाइलमध्ये काय आहे, हे या फाइलमध्ये मला ठाऊक नसते."

"मला जे सांगितलंत, ते तिलाही सांगितलंत का? पर्णाला अंधाऱ्या कोठीत कोंडते ती."

"तीच शंका विचारणाऱ्या कोणाही पक्षकाराला तीच माहिती मिळेल. न्यायाच्या दृष्टीने ते समान आहे." मग आवाज पुढे म्हणाला, "बालिकेने अंधाऱ्या खोलीविषयी काही सांगितले असल्यास तो आपल्या बाजूचा निर्णायक पुरावा ठरू शकतो. अर्ज तयार करू का?"

"आणि माझ्या विहिरीचं काय?"

"ते समोरच्या पक्षाने न्यायालयात मांडलेले नाही."

श्रेणिकने डोळे मिटले. त्याला मृणाल दिसली, कोठीच्या दाराला पाठ लावून उभी, आतले रडणे पुरेसे वाढण्याची वाट पाहणारी, स्वतःचे रडे ओठांत दाबून. इतक्या वर्षांत ती त्याला इतकी ओळखीची कधी वाटली नव्हती. जोवर खटला जिवंत होता, तोवर दोन्ही घरांत हे चालणार होते. खटला मिटायचा, तर कोणीतरी हरायला हवे होते.

"अर्ज नको," तो म्हणाला आणि उठला.

*

मोजणीच्या खोलीत तो भिंतीशी ठेवलेल्या खुर्चीवर बसला. पर्णा मधोमध सतरंजीवर. ती पुन्हा पुन्हा त्याच्याकडे वळून पाहत होती, कशाची तरी वाट पाहत होती. त्याने हात मांडीखाली दाबून धरले.

"अहो, बोला की तिच्याशी काहीतरी," टिकल्या लावणारी मुलगी काचेपलीकडून म्हणाली. "आकडा पडतोय तुमचा."

तो बोलला नाही. थोड्या वेळाने पर्णाच्या लक्षात आले, की आज काहीच होणार नाही. तिने लाकडी ठोकळे ओढले. एकावर एक रचले, पाडले, पुन्हा रचले. मग गुणगुणू लागली. काचेवर उमटणारी तिची तांबडी रेषा निळ्या रेषेला सोडून निघाली आणि आपल्याच मर्जीने नागमोडी जाऊ लागली. कोणाच्या मागे नाही, कोणासाठी नाही. श्रेणिक त्या रेषेकडे पाहत राहिला. आपल्या मुलीचे काळीज असे चालते, हे त्याने प्रथमच पाहिले.

आकडा चाळिशीच्या खाली आला.

निकाल वाचायला न्यायाधीशांना फार वेळ लागला नाही. मृणाल मुख्य पालक. वडिलांना पहिला रविवार. शेवटचा परिच्छेद श्रेणिकने खिडकीवर येऊन पुन्हा वाचून घेतला, कारण न्यायालयात त्याला तो कळलाच नव्हता. दर सहा महिन्यांनी फेरमोजणी व्हायची. मुख्य पालकाचा आकडा साठीच्या खाली गेल्यास आणि दुसऱ्या पालकाचाही साठीच्या वर नसल्यास बालिकेला शासकीय संगोपनगृहात ठेवायचे. मूल सज्ञान होईपर्यंत.

"हे आधी का नाही सांगितलंत?"

"आपण विचारले नव्हते," आवाज म्हणाला.

*

डिसेंबरातला पहिला रविवार. बागेत कोवळे ऊन होते. पर्णा घसरगुंडीवर होती. मृणाल बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली होती. ती वाळली होती. नियमाने तिने मुलीला सोडून निघून जायला हवे होते, पण ती गेली नाही.

"जानेवारीत मोजणी आहे," ती म्हणाली.

"हं."

"घरी लावून बघितली टिकली. पन्नाशीतच येतंय." तिने पदराचे टोक बोटाला गुंडाळले, सोडले. "पर्णानं तुला सांगितलंय ना? कोठीचं?"

"सांगितलं."

"मलाही सांगितलं तिनं. विहिरीचं."

इतक्या उघडपणे ते दोघे एकमेकांशी संसारातही बोलले नव्हते.

"बंद कर ते, मृणाल. अंधारात नको कोंडूस तिला."

"बंदच झालंय." ती हसल्यासारखे करून म्हणाली, "अंधाराची भीतीच उरली नाही रे तिला. कडी लावली तर आत गाणी म्हणत बसते. परवा उघडून बघते, तर झोपली होती. गाढ." तिचा आवाज फाटला. "मला किती बरं वाटायला हवं होतं! पण मला नुसता आकडा दिसत होता. संगोपनगृह बघून आले मी, श्रेणिक. चाळीस पोरं एका हॉलमध्ये. एक मुलगी खिडकीचे गज मोजत होती."

स्वतःचा चाळिशीखालचा आकडा त्याला आठवला. तो एक दरवाजा त्याने स्वतःच्या हाताने, मोठ्या मायेने बंद केलेला होता.

मृणाल त्याच्याकडे वळली. तिचे डोळे कोरडे होते आणि त्यांत राग नव्हता. एका नवशिक्या माणसाने जाणत्याला विचारावे, तशी लीनता तेवढी होती.

"तू ते पाण्याचं कसं करायचास?"

पलीकडे पर्णा घसरगुंडीच्या माथ्यावर पोहोचली आणि दोन्ही हात सोडून खाली आली. खाली येता येता तिने मोठ्याने हसून दोघांकडे पाहिले. श्रेणिकने हात उंचावला. हात खाली आला, तेव्हा तो सांगू लागला होता. बाहुबलीला फोन कर. सकाळी लवकर जा, ऊन विहिरीत उतरायच्या आत. पायऱ्यांच्या बाजूला नको, पलीकडे ने. एक हात सोड, पण दुसरा सोडू नकोस. धरल्यावर तुझा श्वास सावकाश ठेव, घाई करू नकोस, तिची धडधड आपोआप तुझ्यामागे येते.

मृणाल एकेक शब्द मान हलवत मनात ठेवून घेत होती.

"आणि एक," तो म्हणाला. "तिला पोहायला येऊ देऊ नकोस."